गूळ लावलेली बाजरी

टण्ण.

पत्र्याचं झाकण फरशीवर पडलं होतं. वीज गेल्यामुळे गल्लीतले कापडाचे लूम गप्प होते, म्हणून नूतनला ते ऐकू तरी आलं. एरवी पांडेसऱ्याच्या या वस्तीत शेजारी कुणी बोंबललं तरी कळत नाही.

पापडीच्या शेंगा सोलता सोलता तिचा हात थांबला. आवाज घरातल्या फळीवरचा नव्हता. मागच्या अंगणातून आला होता, बंबाच्या बाजूने. आणि बंबामागे एकच डबा होता.

ती धावली.

पायरीवर योगिता बसली होती, उलटा स्वेटर घालून. पुढ्यात चिमण्या, होले, दोन साळुंक्या. थंडी पडल्यापासून रोज सकाळी घरमालकीण जशुबेन, सगळ्यांच्या बा, तिला मूठभर ज्वारी द्यायच्या आणि दोघी मिळून पाखरांना टाकायच्या. जशुबेन त्याला चण म्हणायच्या, म्हणून योगिताही चण म्हणायची. आज जशुबेन अजून देवापुढून उठल्या नव्हत्या.

"माय, बघ. मला पण चण सापडलं."

तिने तळहात दाखवला. काळा झाला होता.

नूतन पाखरांच्या अंगावर धावून गेली. पाखरं भुर्रकन उडाली, तारेवर जाऊन बसली. काही छपरांवरून पार निघून गेली. जमिनीवर बाजरी उरली होती, काळी पूड चोळलेली. पूड नूतननेच बाजारातून आणली होती. उंदीर योगिताच्या गोधडीवरून पळाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. प्लेगच्या भीतीने सगळी गल्ली गावाला पळाली होती, त्याला अजून सहा महिनेही झाले नव्हते. नुसत्या पुडीला उंदीर तोंड लावत नाही असं कुणी म्हणालं, तर तिने वर गूळही लावला होता.

"तोंड उघड. खाधं का तू?"

"नाही."

"खरं सांग, बेटा. मी मारणार नाही."

योगिताने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मारणार नाही म्हणणाऱ्या माणसाचं तोंड असं नसतं, एवढं तिला कळत होतं. "थोडंसंच," ती म्हणाली. "गोड लागलं म्हणून."

नूतनने तिच्या घशात बोटं घातली. पोरगी ओकली नाही, नुसती रडायला लागली. नवरा हेमराज मिलमध्ये, दिवसपाळीला. रिक्षा मिळायची ती थेट मोठ्या रस्त्यावर. घरात गाडी एकच, जशुबेनच्या मुलाची, विपिनची लुना.

आणि या घरात जीव मारायचा नाही, ही खोली देतानाची पहिली अट होती. पिंजऱ्यात सापडलेला उंदीरसुद्धा जशुबेन खाडीपलीकडे सोडून यायला लावायच्या. "तमे मराठी लोक गणपती बेसाडता, ने एनाच वाहनला मारता?" असं हसत म्हणायच्या. आधीच्या भाडेकरणीच्या मोरीत मेलेला उंदीर निघाला, तेव्हा मात्र हसल्या नव्हत्या. संध्याकाळी तिचं सामान ओट्यावर होतं.

ताप आलाय म्हणावं. पडली म्हणावं. एका श्वासापुरतं नूतनच्या मनात हे येऊन गेलं, आणि त्या श्वासाची तिला इतकी भीती वाटली की ती जिवाच्या आकांताने ओरडली, "बा!"

जशुबेन हातात जपमाळ घेऊनच आल्या. रडणारी पोर पाहिली, उपडा डबा पाहिला.

"शुं खाधुं एणे?"

"दवा."

"शेनी दवा, नूतन?"

"उंदराची."

नूतन वाट पाहत होती. आता जशुबेन ओरडतील, निदान देवाचं नाव घेतील. त्यांनी माळ कमरेला खोचली, खाली वाकून योगिताच्या ओठांचा वास घेतला आणि आत हाक दिली, "विपिन, लुना काढ. नाहवानुं पछी." मग नूतनकडे वळल्या. "डबो साथे ले. डाक्टर पूछशे. मोठ्या दवाखान्यात जा, इथल्या गोळीवाल्याकडे नको."

"बा, खोली मी..."

"पहेला छोकरी."

विपिन अर्धी अंघोळ टाकून ओल्या केसांनीच बाहेर आला. लुना दोनदा फुरफुरली आणि बंद पडली. तिसऱ्या वेळेला लागली. मागे बसून नूतनने योगिताला छातीशी धरलं, दुसऱ्या हाताने डबा. पोरीचं पोट हाताला ऊन लागत होतं. ऊन म्हणजे चांगलं की वाईट, तिला समजत नव्हतं. "पोटात दुखतं का?" ती दर थोड्या वेळाने विचारत होती, आणि योगिता दरवेळी वेगळं उत्तर देत होती.

घराला वळसा घालून लुना मागच्या बाजूने निघाली, तेव्हा कुंपणातून अंगण दिसलं. पाखरं पुन्हा उतरत होती. जशुबेनच्या हातात खराटा होता. रोज "आवो, आवो" म्हणून ज्यांना बोलवायच्या त्यांनाच त्या हाकलत होत्या, पदर सुटला तरी, धापा टाकत. एका बाजूची हाकलली की दुसऱ्या बाजूची उतरत होती. पाखरांना वाटत असावं, बा खेळतेय.

योगिताचं रडणं थांबलं. आईच्या खांद्यावरून ती मागे बघत होती.

"माय, बा त्यांना का मारते?"

"मारत नाही. ते चण खराब आहे म्हणून हाकलते."

"म्हणून आपण डॉक्टरकडे चाललो?"

"हो."

लुना खड्ड्यातून उसळली. योगिताने मान वर करून तारेकडे पाहिलं, मग छपरांच्या पलीकडे, जिकडे मघाची पाखरं गेली होती.

"त्यांनी तर माझ्यापेक्षा जास्त खाल्लं," ती म्हणाली. "त्यांना कोण नेणार?"