फोनमधली बया

दूध उतू गेलं तेव्हा लेक शेगडीपासून चार पावलांवरच बसली होती. कानात वायरी, मांडीवर फोन आणि ओठांवर ते हसू. करपल्याचा वास घरभर झाला, तरी तिची मान वर झाली नाही.

मास्तरीणबाईंनी काठी जमिनीवर आपटली.

"दोरा," त्या म्हणाल्या.

त्यांना म्हणायचं होतं, दूध गेलं, डोळे फुटले का तुझे. पण सात महिन्यांपूर्वी त्यांचं उजवं अंग गेलं, पाठोपाठ वाचा गेली, आणि परत आला तो एवढा एकच शब्द. भूक लागली, दोरा. पंखा लावा, दोरा. जावयाचा राग आला, तरी दोराच. तीस वर्षं शिवणाचा क्लास चालवलेली, नाकावर माशी बसू न देणारी बाई. पोरी तिच्या कात्रीपेक्षा जिभेला जास्त भ्यायच्या. तिच्या पदरात दैवाने ही एवढीच चिंधी टाकली होती.

लेकीने शेगडी बंद केली, लक्षच नव्हतं म्हणाली, ओटा पुसला आणि पुन्हा येऊन बसली.

तिच्या करण्यात खोट नव्हती. आईला आपल्या घरी आणलं, त्यासाठी नोकरी सोडली. भरवायची, हात धरून चालवायची, वेणी घालायची. पण काम उरकलं की फोन. साडेबाराला बसली की चार वाजायचे. वाळलेले कपडे दोरीवर तसेच, भाजी चिरायची तशीच. दोघी हाताच्या अंतरावर, आणि मधे हे खेळणं.

पूर्वी असं नव्हतं. लेक माहेरी आली की आईच्या मशीनपाशी फतकल मारून बसायची. मास्तरीणबाई क्लासातल्या एकेकीची अशी काही बिनपाण्याने करायच्या की लेक पोट धरून लोळायची. पुरे गं आई, म्हणायची. आता ते हसू भलतीच्याच वाट्याला जात होतं.

भलतीच, म्हणजे कोणीतरी बाई होती. एवढं मास्तरीणबाईंनी ताडलं होतं. लेक मधेच पुटपुटायची, हो गं बाई, कळलं. कधी हसता हसता डोळे पुसायची. एकदा तर तिने बोटाने पडदा गोंजारला. पोटच्या आईला डोळे वर करून बघायला वेळ नाही आणि त्या बयेचे लाड.

शेजारीण येऊन बसली की हीच रड. तिची सून म्हणे रोज तीन तास कुणा परक्या बाईचं घर आवरणं बघत बसते, आणि स्वतःच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. मास्तरीणबाईंना हसू आलं. ते तोंडाच्या एकाच बाजूला उमटलं.

मग एका सकाळी लेकीला भावाशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं.

"दादा, रोज चार-चार तास त्यातच जातात रे. कळतं, पण बंद करवत नाही."

पलीकडून भाऊ बराच वेळ बोलला. तू थकलीस, आईला थोडे महिने माझ्याकडे पाठव, असं काहीसं असावं.

लेक म्हणाली, "बघू."

तो एक 'बघू' मास्तरीणबाईंच्या काळजात सुईसारखा रुतला. मुलगा वाईट नव्हता. पण त्यांना हीच हवी होती. आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, आता पसरायची तयारी होती, तर शब्द नव्हता. मला ठेव, एवढं म्हणायचं. निघणार काय, तर दोरा.

ही बया नसती तर लेकीने 'बघू' म्हटलं नसतं. हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्या दिवशी फरशी अर्धी पुसून लेक मधेच फोन घेऊन बसली. पाण्याची बादली मास्तरीणबाईंच्या पायाशीच राहिली. तेवढ्यात दारावर शेजारीण आली. कानातल्या वायरी काढून, फोन स्टुलावर ठेवून लेक दाराकडे गेली. शेजारणीचं बोलणं म्हणजे मारुतीचं शेपूट, पाच मिनिटं तरी नक्की.

मास्तरीणबाईंनी डाव्या हाताने काठी उलटी धरली, तिच्या वाकड्या मुठीत वायर अडकवली आणि ओढली. फोन घसरत मांडीवर आला, वायर निसटून खाली पडली. त्यांनी काठी सोडली आणि फोन उचलून बादलीवर धरला.

आता सोडायचा. पण वैरिणीचं तोंड एकदा तरी बघावं, असं वाटलं. त्यांनी फोन चष्म्याजवळ आणला. अंगठा कुठे लागला कोण जाणे, आवाज सुरू झाला.

"बाही उलटी लावलीस? मग आता नवऱ्यालाही उलटाच चालायला शिकव."

पोरींचा हशा फुटला. बाईचा आवाज कर्कश, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. पडद्यावर नुसतं कापड आणि सपसप चालणारे दोन हात दिसत होते. काय ही जीभ, मास्तरीणबाईंच्या मनात आलं. पण बेतण्यात खोट काढायला जागा नव्हती. आणि बयेचे दोन्ही हात शाबूत होते. त्यांना तिचा मनापासून हेवा वाटला.

दाराशी लेकीचं बोलणं थांबलं. पावलं धावत आली.

"आई, नको. तो टाकू नकोस."

"आणि तू गं," फोनमधली बया कडाडली, "फोन कसला धरतेस माझ्यावर? ठेव खाली, नाहीतर कात्रीने दोन तुकडे करीन."

बयेने मान वर केली. डोळे वटारून मास्तरीणबाईंकडे बघत होत्या, त्या मास्तरीणबाईच.