कपड्यांची तार

सुटका केलेल्या हत्तींचा कॅम्प बघायला दोघं नवराबायको आले होते. समोरून येणारी हत्तीण कपडे वाळत घातलेल्या तारेपाशी थबकली, पाऊल पुढे टाकेना.

"एवढी काहून भिऊन राहिली?" वंदनाने माहुताला विचारलं.

"रानडुकरांसाठी कोणीतरी वावराच्या तारेत करंट सोडला होता. हिचं पिल्लू हिच्या डोळ्यांदेखत चिकटलं."

"कसे लोक राहतात, नाही हो?" ती नवऱ्याकडे वळली.

धर्मेंद्र बाजूला जाऊन पारशिवनीला घरी फोन लावत होता.

"आई, कुंपणाचा करंट बंद कराचा राहिला माह्या हातून. बाबाले वावरात जाऊ देऊ नको."

"ते तं सकाळीच गेले गा. जेवाले बी नाही आले अजून."