सहावा पिस्टन

लग्नाला सात वर्षं झाली, ती सगळी सासऱ्यांच्या लेथ मशीनवर गेली. परदेशी मोटारींचे सुटे भाग आयातबंदीमुळं मिळेनात, म्हणून सोलापुरातले मोटारवाले आमच्याकडून अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन करून घेत. एका वेळी चार नाहीतर सहा. बार्शीला जाऊन स्वतःचं वर्कशॉप काढावं, असं वाटायचं. पण घरजावयानं ते तोंडावर सांगायचं कसं? बायकोनंच वाट सुचवली, "एक पिस्टन बिघडवा की. माप चुकलेल्या माणसाला आबा लेथपाशी उभं करत न्हाईत." आज सहातला शेवटचा, सहावा पिस्टन लेथवर चढवला. हत्यार केसभर जास्त आत घालायचं, बस्स. पण हात लेकाचा मापावरच थांबला. सासऱ्यांनी मायक्रोमीटर लावून पाहिला, पिस्टन धोतरानं पुसला. "जावईबापू, तुमच्या हाताला तोड न्हाय. माज्या मागं हे समदं तुमीच बघायचं." घरी बायकोनं दारातच विचारलं, "बिघडवला?" चकचकीत भुग्यानं माखलेले हात मी पाठीमागं लपवले.