शेजारची सीट

तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतोय हे गाडीतल्या तिघांपैकी दोघांना दिसत होतं, आणि त्यांतल्या एकाला बोलायची बंदी होती.

बंदी होती ती नवऱ्याला. तो मागच्या सीटवर पाण्याची बाटली मांडीत धरून बसला होता. "घरचं माणूस मागे बसलं तर चालेल," परीक्षकसाहेबांनी निघतानाच बजावलं होतं, "पण तोंडातून एक शब्द आला, की बाईंची परीक्षा रद्द." बायकोला गाडी शिकवताना हा गृहस्थ आजवर एक मिनिट गप्प बसला नव्हता. आता सगळे शब्द घशाशी येऊन गर्दी करत होते.

शिवाय गाडी नुकतीच दुरुस्त झाली होती, तीही त्याच्याच दोस्ताच्या गॅरेजमध्ये. "तुझ्या हातात द्यायची तर गाडी ठणठणीत हवी," असं बायकोला म्हणून नवऱ्यानेच ती तिथे टाकली होती. इंजिनाच्या पाण्याचा पंप नवा, पाइप नवे. काल संध्याकाळी दोस्ताने बॉनेटवर थाप मारून सांगितलं होतं, "वहिनी, आता बिनधास्त पळवा." बिनधास्त पळवलेली गाडी परीक्षेच्या मैदानाची अर्धी फेरीही न होता उकळायला लागली होती.

तिने काटा पाहिला. पुढे चढ होता. याच चढावर दोनदा गाडी बंद पडली होती आणि दोनदा ती नापास होऊन शेजारच्या सीटवर बसून घरी गेली होती. आज पडली तर पुन्हा स्टिअरिंगचं नाव काढणार नाही, असं तिनेच रागाच्या भरात घरात सगळ्यांसमोर बोलून ठेवलं होतं. तसं पोरं लगेच विसरली असती. ती विसरली नसती.

तिचा हात डॅशबोर्डकडे गेला. तिने हीटर लावला आणि पंखा होता तेवढा वाढवला.

बाहेर डांबर मऊ पडेल असं ऊन होतं. आत भट्टीसारखा झोत आला तसे साहेब सीटवरच दचकले.

"बाई, हे काय? एसी समजून हीटर लावलात!"

"नाही साहेब, हीटरच लावलाय. इंजिन तापलंय. या गाडीतली गरम हवा इंजिनाकडूनच येते. थंडीत इंजिन तापल्याशिवाय कधी ऊब येत नाही, बघितलंय मी." तिने काच खाली घेतली. "त्याची गरमी आपण तिघं थोडी थोडी वाटून घेऊ."

ती कॅन्टीनमध्ये शंभर माणसांचा स्वयंपाक करायची. गरमीला ती घाबरत नव्हती. ती घाबरत होती चढाला.

साहेबांनी टायची गाठ सैल केली. मागे नवऱ्याने तोंड उघडलं आणि नियम आठवून तसंच मिटलं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, तरी तो काट्यावरची नजर हटवत नव्हता. काटा लाल पट्ट्याच्या कडेला थांबला. जरासा थरथरला आणि केसभर मागे आला. नवऱ्याने बाटलीला घट्ट मिठी मारली.

"चढावर थांबवा," साहेब म्हणाले. "आता निघा."

तिने क्लच हळूहळू सोडला. गाडी थरारली, कणभरही मागे न येता वर चढली. चढ उतरून तिने ती पांढऱ्या रेघांच्या चौकोनात उलटी घातली, हँडब्रेक ओढला, चावी फिरवली.

त्याच क्षणी बॉनेटखाली फट्टकन आवाज झाला. फटींतून वाफेचे लोट निघाले आणि खाली हिरवं पाणी पसरायला लागलं.

"बंद पडली गाडी," साहेब म्हणाले.

"पडली नाही साहेब," ती म्हणाली. "मी केली."

साहेबांनी चावीकडे पाहिलं. बाईंची बोटं अजून चावीवरच होती. मग खिडकीतून वाकून त्यांनी चाकं पाहिली. चारही चाकं रेघांच्या आत होती.

"पास," साहेब म्हणाले आणि घाईघाईने दार उघडून सावलीकडे पळाले.

ती नुसती बसून राहिली. इतका आनंद झाला होता की रडू येईल की हसू, तिला कळेना. तेवढ्यात नवरा बाटली घेऊन बॉनेटकडे धावला, तशी ती ओरडली, "अहो, झाकणाला हात लावू नका! आत उकळतंय, तोंडावर येईल!" तो जागीच थांबला.

नवऱ्याने फोन केल्यावर थोड्या वेळाने गॅरेजवाला दोस्त जीप घेऊन आला. वाकून पाहिलं, खिडकीतून हात घालून चावी फिरवून पाहिली. इंजिन हललंसुद्धा नाही.

"पाइपची एक क्लिप आवळायची राहिली माझ्याकडून," मान खाली घालून तो म्हणाला. "तापून इंजिन जाम झालं. नीट मी करून देतो, पण आता ओढूनच न्यावी लागणार. मागे या गाडीत स्टिअरिंगवर कुणीतरी बसा. लायसन्सवालं."

सवयीने नवरा स्टिअरिंगच्या बाजूला गेला आणि त्याने दार उघडलं. ती आत बसलेली होती. हलली नाही.

"तिकडून बसा," ती म्हणाली.

तो वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसला. काचेवरची लाल 'एल'ची पट्टी तिने सोलून काढली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती मांडीवर नीट ठेवली.

"जमलं की गं तुला," तो हळूच म्हणाला.

दोर ताणला गेला, गाडी फाटकाकडे निघाली. बंद गाडीचं स्टिअरिंग जड होतं, ब्रेकही. तिने पाय पूर्ण दाबून अंदाज घेतला. वळण आलं तसा त्याचा हात आपोआप हँडब्रेककडे गेला.

"अगं, जरा आधी ब्रेक..."

"साहेब उतरलेत," समोर बघत ती म्हणाली. "नियम तोच आहे."

त्याने हात मागे घेतला. फाटकाशी आपापल्या पाळीची वाट बघत माणसं उभी होती, वाफाळणारी गाडी दोराला बांधून चाललेली पाहून हसत होती. तिने काच पूर्ण खाली केली, कोपर खिडकीवर ठेवला आणि लांबलचक हॉर्न वाजवला.