पांढरीच पट्टी

कोलंबियातल्या मेदेयीन शहरात, एका प्रयोगशाळेत एवेलियोचं काम म्हणजे खोकी उंचावरून पाडायची, हादरवायची आणि आतला माल शाबूत राहतो का ते पाहायचं. बायको वारली तेव्हा माद्रिदला असलेली लेक यामिले मातीला येऊ शकली नाही. एवेलियो तिला फोनवर नको ते बोलला, आणि तेव्हापासून पोरीनं बोलणंच टाकलं.

शेवटी त्यानं तिच्या आईचा चॉकलेट प्यायचा मातीचा पेला तिला पाठवायचं ठरवलं. आधी तसाच दुसरा पेला भुशात ठेवून खोकं पुन्हा पुन्हा आपटलं. तो फुटेना, तेव्हाच खरा पेला बांधला. जोराचा धक्का बसला की लाल होणारी पांढरी पट्टी वर चिकटवली. दोरीला नेहमीसारखी दुहेरी गाठ मारली. लहानपणी या गाठींना यामिले फार हसायची.

दोन महिन्यांनी तेच खोकं प्रयोगशाळेत आलं.

"दॉन एवेलियो, लेकीनं काहीतरी धाडलंय!" सोबत काम करणारी नूबिया आपल्या टेबलावरूनच ओरडली. "भांडं कधी रिकामं परत करतात का? आणि पट्टी बघा, पांढरीच! दोनदा समुद्र ओलांडला, पण ओरखडा नाही. उघडा की आता, का तेही मीच करू?"

एवेलियोनं सवयीनं चारही कोपरे चाचपले. मग त्याचा हात दोरीवर थांबला.



दुहेरी गाठ त्याचीच होती. ती कुणी सोडलेलीच नव्हती.