एका वायरवर दोन वाक्यं

घशाच्या ऑपरेशनात बाबांचा आवाज गेला, तेव्हा लेकीने त्यांना बोलका डबा करून दिला. बाबा टाइप करायचे, डबा बोलायचा. औषधाची आठवणही त्याच वायरवरून यायची आणि दोन्ही एकदम आली की शब्दांची सरमिसळ व्हायची.

त्या पेंगुळलेल्या दुपारी डबा म्हणाला, "गोळी ढग पाण्याबरोबर जहाजासारखा घ्या चाललाय."

खिडकीशी तंद्री लावून बसलेली आई खुदकन हसली आणि कितीतरी वेळ आभाळाकडे बघत राहिली.

लेक मात्र ओशाळली. डबा चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तिनेच लिहिला होता. तिने तो तिथल्या तिथे दुरुस्त केला. आता एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, आणि मध्येच कुणी वायर उपटली तरी हातातलं काम आवरल्याशिवाय वायर जोडायच्या पोर्टचा ताबा सोडायचा नाही.

डबा शहाण्यासारखा बोलू लागला. आधी गोळी, मग ढग. आई निमूटपणे पाणी आणायला आत गेली.

"झालं बाबा! आता गोंधळ नाही," लेक म्हणाली.

बाबांनी सावकाश एकेक अक्षर दाबलं.

"मी मुद्दाम गोळीच्या वेळेलाच टाइप करायचो, बाळा. माझा आवाज गेल्यापासून तुझी आई हसते ती तेवढीच."