भट्टी उघडली तेव्हा

मुखरू कुंभारानं भट्टीवरचं लिंपण फोडायला सब्बल उचलली, तेव्हा वैनगंगेकाठचं ते मासेमार ढिवरांचं अख्खं गाव भोवती जमलं होतं. विटा बघायला थोडे, गिरजाची फजिती बघायला जास्त.

गिरजा पदर खोचून उभी होती. पटकीच्या साथीत नवरा गेला, तेव्हापासून तिनं घरोघरी हात जोडले होते, तळ्याच्या काठी कोणी बसू नका म्हणून. परसात खड्ड्यांचे संडास खणवले. खड्ड्यातलं वाळून माती झालं की त्यात धानाचा कोंडा आणि चांद्याच्या खाणीतला कोळशाचा चुरा कालवून ती गोळे वळायची, उन्हात टाकायची. धगधगून जळायचे. पण चुलीपाशी त्यांना कोण येऊ देणार? सासू, सोमारी, तर तिच्या हातचं पाणीही घेईना.

एकटा मुखरू म्हणाला होता, "चुलीत नको तर नको. माह्या भट्टीत टाकून पाहू."

विटा गावच्या नव्या विहिरीसाठी होत्या. त्या कच्च्या निघाल्या, तर लोक तिचे संडास सोडून पुन्हा लोटे घेऊन तळ्याकडे निघणार, हे गिरजाला पक्कं माहीत होतं.

लिंपण पडलं. आतून गरम वाफ अंगावर आली. पहिली वीट मुखरूनं फडक्यात धरून काढली आणि दुसरीवर आपटली.

ठण्ण!

मुखरूनं दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या लालभडक. गिरजाचे डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत. मान ताठ ठेवून ती बघत राहिली.

शेजारच्या गावचे गुणवंतराव शाळेसाठी विटा शोधत आले होते. त्यांनी एक वीट नखानं खरवडून पाहिली. "झकास भाजली! कोणतं लाकूड जाळलं, मुखरूभाऊ? साग का?"

मुखरूनं खाली पाहिलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. परगावच्या माणसापुढे गावाची अब्रू कोण काढणार? गिरजानं तोंड उघडलं, पण त्याआधीच गर्दीतून काठी टेकत सोमारी पुढे आली.

"लाकूड कायचं, बापा? हे आमच्या गावची घाण हाये. संडासातली. माह्या सुनेनं आपल्या हातानं वाळवली, अन् तिच्यावरच भाजल्या ह्या विटा."

गुणवंतरावांचा हात विटेवरून झटकन मागे गेला.

म्हातारीनं निवलेली एक वीट उचलली आणि सरळ त्यांच्या नाकापुढे धरली.

"काऊन भेता जी? घ्या, हुंगून पाहा."